जाळी कुणाची होती?

स्टेनवोर चिडलेली नाही असा दिवस स्कार्फाविक या आमच्या खाडीकाठच्या गावात कुणी पाहिलेला नाही. ती तणावर चिडते, पालिकेवर चिडते, आणि उत्तरेच्या वाऱ्यावर तर असं तोंड सोडते की वाऱ्यालाही दिशा बदलावीशी वाटावी. छप्पन्न वर्षांची बाई. कोपरावर फाटलेला लोकरी स्वेटर, खिशात मुळं उपटायची सुरी, आणि दर उन्हाळ्यात हाताखाली गावातली चौदा-पंधरा वर्षांची दहाबारा पोरं. शाळा सुटली की पोरांनी दोन महिने पालिकेचं काम करायचं, गवत कापायचं, कुंपणं रंगवायची, स्मशानातलं तण काढायचं, हे आमच्याकडे पूर्वापार चालत आलंय. या पोरांची स्टेनवोर ही मुकादम. यंदा एकोणीस वर्षं झाली.

"फ्लोकी, हातमोजे घाल! तुझ्या आईने दहा बोटांचा मुलगा पाठवलाय, मला तेवढाच परत करायचाय!"

पोरं तिला घाबरत नाहीत, ही त्यातली गंमत. कारण दहा वाजता कॉफीची सुट्टी होते. पोरं दुधाच्या पिशव्या फोडतात, तळलेल्या पिळाच्या क्लेना खातात आणि स्टेनवोर थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून एक गोष्ट सांगते. झाकणातली कॉफी संपली की गोष्ट संपली. वरच्या अंगाच्या शेतावरचे दोन भाऊ खोगिरावरून भांडले आणि अकरा वर्षं एकमेकांशी कुत्र्यामार्फत बोलले, 'कुत्र्या, त्याला सांग, जेवण वाढलंय.' मग कुत्रं मेलं. दोघांनी मिळून खड्डा खणला, एक अक्षर न बोलता पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघेही वेगवेगळ्या गाड्यांतून पिल्लू आणायला एकाच माणसाच्या दारात जाऊन उभे राहिले. बस्स, एवढीच गोष्ट.

"मग यातून काय घ्यायचं?" असं एखादं नवं पोर विचारतंच.

"अजून एक क्लेना घे आणि उठ," स्टेनवोर म्हणते.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तिच्या या गोष्टींच्या आड पालिका आली. बंदराला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्ताने थोरारिनने एक पुस्तिका लिहिली, 'आपल्या मुलांसाठी दहा लहान गोष्टी.' थोरारिन म्हणजे आमच्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर. निम्म्या गावाला त्याने बाराखडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्याच्या लग्नात भाषण केलं. त्याच्या प्रत्येक गोष्टीखाली दोन ओळी ठळक छापलेल्या होत्या, सुरुवात ठरलेली, 'यातून आपण शिकतो'. प्रत्येक गटाने शुक्रवारी एक गोष्ट वाचायची, चर्चा करायची, तिची शिकवण लाकडी फलकावर रंगवायची आणि ऑगस्टच्या जत्रेत बंदराच्या वाटेवर असे दहा फलक कायमचे उभे करायचे, असं ठरलं. स्टेनवोरच्या गटाला सहावी गोष्ट आली. गोष्टी वाटून देणारी पालिकेच्या ऑफिसातली मुलगी दक्षिणेची होती, तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. थोरारिनला सगळं ठाऊक होतं.

स्टेनवोरने पुस्तिका आधी उघडलीसुद्धा नाही. उपदेश वाचायला तिला वेळ नव्हता. शुक्रवारी पाऊस होता, पोरं अवजारांच्या खोलीत उलट्या बादल्यांवर बसली होती, तेव्हा तिने पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

'एका खाडीत एक देखणा, धट्टाकट्टा मुलगा राहत होता. त्याला आपल्या ताकदीची फार घमेंड होती. मे महिन्यातल्या एका दिवशी वारा फिरण्याची चिन्हं होती. जाणत्या माणसांनी त्याला सांगितलं, आज समुद्रावर जाऊ नकोस. पण तो हसला आणि एकटाच बोट घेऊन निघाला…'

इथे तिचा आवाज थांबला. पोरांना वाटलं चष्मा घसरला. मग तिने शेवटपर्यंत वाचलं, एका दमात, दात आवळून. उलटलेली बोट, चार दिवसांनी सापडलेला देह, त्याला शोधताना जीव धोक्यात घातलेले भले शेजारी. खाली ठळक अक्षरं, 'यातून आपण शिकतो: अनुभवी माणसांचं ऐकावं. घमेंडीचा शेवट वाईट होतो.'

"हा ब्रांदुर ना!" फ्लोकी म्हणाला. "आमच्या घरी कुणी हट्ट केला की म्हणतात, ब्रांदुर होऊ नकोस. पणजीच तेवढी म्हणत नाही. ती उठून आत जाते. खरा माणूस होता म्हणे तो, ब्रांदुर थोर्गिल्सन…"

त्याच्या समोर बसलेली बाई स्टेनवोर थोर्गिल्सदोत्तिर होती. दोघांच्या बापाचं नाव एकच. पोराचे कान लालभडक झाले.

"भाऊ माझा," स्टेनवोर म्हणाली. "एकोणीस वर्षांचा होता. पुढे?"

सगळी पोरं दुधाच्या पिशव्यांकडे बघायला लागली. पण साल्का नावाची एक मुलगी होती, तीन वर्षांपूर्वी आईबरोबर इकडे राहायला आलेली. तिला आमच्या खाडीची रीत अजून लागलेली नव्हती. तिने विचारलं, "बोट त्याची होती?"

"नाही."

"मग तो कशाला गेला होता?"

"जाळी काढायला."

"जाळी कुणाची होती?"

बेचाळीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न स्टेनवोरला कुणी विचारला नव्हता. शोधायला गेलेल्यांनी नाही, पाद्रीने नाही, शेजारणींनी नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि राग साल्कावर नव्हता, पण समोर तीच होती.

"उठा सगळे! पाऊस थांबलाय!" पाऊस धो धो पडत होता. पोरं मुकाट उठली.

साल्का दारातून म्हणाली, "दुसऱ्याच्या बोटीतून, दुसऱ्याची जाळी काढायला, वादळात... घमेंड दाखवायला कुणी असं जातं का? मी तर नसते गेले."

त्याच दुपारी स्टेनवोर थोरारिनच्या घरी गेली. आमच्याकडे कुणाच्याही घरात शिरताना बूट दारात काढतात, राजाही काढील. स्टेनवोर स्मशानातल्या चिखलाने भरलेल्या बुटांनिशी त्याच्या स्वच्छ लाकडी जमिनीवरून सरळ स्वयंपाकघरात गेली.

"सहावी गोष्ट काढ."

थोरारिन सत्तरीचा, सडपातळ, नीटनेटका. त्याने जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बस. कॉफी टाकतो."

"कॉफी घाल चुलीत. गोष्ट काढ."

"छापून झालीय, स्टेनवोर. आणि मी नाव कुठे घातलंय? 'एक मुलगा' म्हटलंय."

"या खाडीत असा एकच मुलगा आहे. तुझ्या शाळेत वीस वर्षं त्याचं नाव घेऊन पोरांना दटावलंय तू. मी दुकानात उभी असायचे आणि आया माझ्यादेखत पोरांना म्हणायच्या, ब्रांदुर होऊ नकोस. आता फलकावर लिहायचंय? तेही माझ्या हाताखालच्या पोरांनी?"

"मुलांना गोष्टीतून धरायला काहीतरी लागतं," तो शांतपणे म्हणाला. तो शांतपणाच असह्य होता. "तुझ्या गोष्टी ऐकून मुलं हसतात आणि विसरतात. एका मुलाच्या मरणातून दहा मुलं वाचणार असतील तर…"

"मग खरं सांग त्यांना! कुणी पाठवलं त्याला ते लिही!"

थोरारिनने चमचा कपात फिरवला. "त्याला कुणी पाठवलं असं आजवर एकाही माणसाने म्हटलेलं नाही. एकानेही. बेचाळीस वर्षांत." मग जरा थांबून, अगदी हळू: "तूसुद्धा नाही."

स्टेनवोर आली तशी चिखल उमटवत बाहेर गेली. तिला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर शेवटच्या दोन शब्दांचा. कारण ते खरे होते.

सोमवारी दहा वाजता तिने पोरांना बंदराच्या भिंतीवर बसवलं. थर्मास उघडलाच नाही. "ऐका," ती म्हणाली, "आज कॉफीपेक्षा लांब गोष्ट आहे."

तेव्हा वरच्या अंगाच्या शेतांना एकच टेलिफोनची तार होती. आठ घरं, एक तार. प्रत्येक घराची घंटा वेगळी. टुंगाची, म्हणजे स्टेनवोरच्या घराची, एक लांब दोन आखूड. लीदची तीन आखूड. घंटा कुणाचीही वाजो, ऐकू आठही घरांत यायची, आणि रिसीव्हर उचलला की कुणीही कुणाचंही बोलणं ऐकू शकायचं. आणि ऐकायचेच सगळे! हिवाळ्यात दुसरा उद्योग काय होता? कुणाची गाय व्याली, कुणाची सून रुसली, सगळं तारेवर कळायचं. पण रीत एक होती, आणि ती देवाच्या आज्ञेसारखी पाळायचे. तारेवर ऐकलेलं ऐकलंय असं कबूल करायचं नाही. शेजारणीची गाय मेल्याचं काल तारेवर ऐकलेलं असलं तरी आज तिच्या तोंडून कळल्यावर तोंडावर हात नेऊन म्हणायचं, 'अगं बाई, कधी?'

"मजाच की," फ्लोकी म्हणाला.

"हो, फार मजा होती," स्टेनवोर म्हणाली.

ती चौदा वर्षांची होती. उन्हाळ्यात शेजारच्या शेतावर मूल सांभाळायला मुलींना पाठवायचे, तशी ती लीदला होती. मे संपत आला होता, मेंढ्या व्यात होत्या, घरची माणसं सगळी गोठ्यात. घरात ती आणि सात महिन्यांचं बाळ. दुपारी घंटा वाजली. एक लांब, दोन आखूड. आपल्याच घरची! घरची आठवण येत होती म्हणून तिने रिसीव्हर उचलला.

गावातून सिग्वाल्दी बोलत होता. चार बोटी त्याच्या, मासळीचं गोदाम त्याचं, गावातल्या निम्म्या माणसांचं काम त्याच्या हातात. पलीकडे ब्रांदुर होता. ब्रांदुर त्या वसंतात त्याच्याकडे लागला होता, एका लहान उघड्या बोटीवर.

"जाळी पाच दिवस पाण्यात कुजतायत," सिग्वाल्दी म्हणाला. "आज काढायची."

"वारा ईशान्येला फिरतोय," ब्रांदुर म्हणाला. "रेडिओवर सांगितलं. उद्या काढतो."

आता त्या तारेची आणखी एक खोड होती. जितके रिसीव्हर उचललेले तितका आवाज बारीक. कट्, कट्, असं उचलल्याचं ऐकू यायचं आणि दर वेळी बोलणारा माणूस एकेक पाऊल लांब गेल्यासारखा वाटायचा. त्या दिवशी कट्, कट्, कट् होत राहिलं. सिग्वाल्दी कुणावर तापलाय हे ऐकायला कोण सोडणार?

"ऐकू येत नाही," ब्रांदुर म्हणाला. "मोठ्याने बोल."

मग सिग्वाल्दी ओरडला. घसा फोडून ओरडला. "बंदरावर आईचा पदर धरून यायची सवय आहे का तुला? संध्याकाळपर्यंत जाळी वर आली नाहीत तर उद्या येऊ नकोस! ना माझ्याकडे, ना या खाडीतल्या दुसऱ्या कुठल्या बोटीवर! तुला इथे कोण काम देतं ते बघतोच मी!" आणि त्याने फोन आपटला.

तारेवर कुणीच हललं नाही. श्वास ऐकू येत होते. मग ब्रांदुर बोलला. सिग्वाल्दी गेला होता, म्हणजे तो बोलत होता ते तारेवरच्या लोकांशी.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच."

आणि कट्, कट्, कट्, सगळ्यांनी रिसीव्हर खाली ठेवले. चोरी पकडली गेल्यासारखे, घाईघाईने. स्टेनवोरनेही ठेवला. तिचेही गाल तापले होते. बाळ केव्हापासून रडत होतं, ते तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"पुढचं तुम्हाला माहितीय," ती पोरांना म्हणाली. "पुस्तिकेत आहे. तेवढं खरं आहे."

"पण तू सांगितलं असशील ना?" साल्काने विचारलं. "नंतर?"

"दफन झाल्यावर आईला सांगितलं. म्हटलं, आई, सिग्वाल्दीने पाठवलं त्याला, मी ऐकलं. आई म्हणाली, कुठे ऐकलंस? म्हटलं, तारेवर. तर म्हणाली, मग नाही ऐकलंस."

पोरांना ते कळायला जरा वेळ लागला.

"आईलासुद्धा शेजाऱ्यांत राहायचं होतं. बाप सिग्वाल्दीच्या गोदामात कामाला होता. मी चौदाची होते, चौदाची असताना गप्प बसले ते मला कुणी माफ करो न करो. पण मग मी विसाची झाले, तिसाची झाले, पन्नासाची झाले. सिग्वाल्दी मेला, त्याच्या दफनाला मी सँडविच केले! आई मेली. तार काढून टाकली. आणि मी काय केलं? गवतावर ओरडत राहिले." तिने हातातली सुरी भिंतीच्या फटीत खुपसली. "सात घरांनी ऐकलं. कुणी मूग गिळले, कुणी त्याची घमेंड रचली, आणि मी इथे बसून तुम्हाला कुत्र्यांच्या गोष्टी सांगते."

फ्लोकी खाली मान घालून म्हणाला, "आमची पणजी बाक्कीची. बाक्की त्याच तारेवर होतं का?"

"होतं."

मग साल्का उठली, पँट झाडली आणि म्हणाली, "फलकाला पांढरा रंग कुठला वापरायचा, चुन्याचा की तेलाचा?"

जत्रा ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी भरली. ऊन होतं, बंदरावर मटणाच्या रश्शाची पातेली लागली होती, अॅकॉर्डियनवाला होता, आणि वाटेच्या कडेने दहा फलक चादरी पांघरून उभे होते. थोरारिन टाय लावून आला होता. प्रत्येक गटाच्या पोरांनी चादर ओढायची, त्याने शिकवण मोठ्याने वाचायची, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. पाच फलक असे पार पडले. सच्चेपणा, मेहनत, शेजारधर्म. शेजारधर्माला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

सहाव्याची चादर साल्का आणि फ्लोकीने ओढली. थोरारिनने तोंड उघडलं आणि वाचलंच नाही. मग लोकांनी आपापलं वाचलं. तेलाच्या पांढऱ्या रंगावर काळी, जरा वाकडी अक्षरं होती.

'ब्रांदुर थोर्गिल्सन, टुंगा. वय १९. सिग्वाल्दीची जाळी काढायला सिग्वाल्दीच्या हुकमाने गेला. जाण्याआधी तारेवर म्हणाला: तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच.'

अॅकॉर्डियन थांबलं. पन्नाशीच्या खालची माणसं एकमेकांना विचारायला लागली, कसली तार? साठीच्या वरची एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागली. ती मान खाली घालायची तऱ्हा स्टेनवोरला तोंडपाठ होती. बेचाळीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये तिने तीच पाहिली होती, आणि तिचीही मान तशीच खाली होती.

"हे खाली उतरवा," थोरारिन म्हणाला. आवाज चढला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मेलेल्या माणसावर आळ! याला आधार काय?"

"मी ऐकलं," स्टेनवोर म्हणाली. पुढे आली. "मी लीदला होते. रिसीव्हर माझ्या हातात होता. मी ऐकलं, आणि इतकी वर्षं बोलले नाही. चूक केली मी. आता बोलतेय."

"चौदा वर्षांची पोर! तू काय ऐकलं असशील!" थोरारिनच्या मानेवर शिरा उभ्या राहिल्या होत्या. "त्या दिवशी आवाज इतका बारीक येत होता की कुणाला धड एक शब्दसुद्धा…"

आणि तो थांबला.

बंदरावर समुद्राच्या पाण्याखेरीज काही हलत नव्हतं. थोरारिन तेव्हा नवा मास्तर होता, नेसच्या शेतावर भाड्याने राहायचा. नेस त्याच तारेवर.

"म्हणजे तूही उचलला होतास," साल्का म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच आत्ता कळलं होतं. "मग तू असं का लिहिलंस?"

थोरारिनने पुस्तिका बगलेत धरली, टाय सरळ केला आणि गर्दीतून वाट काढत घराकडे निघाला. त्याला कुणी अडवलं नाही आणि कुणी सोबतही गेलं नाही. फलक उतरवायला कुणी पुढे आलं नाही. उरलेल्या चार फलकांच्या चादरी पालिकेच्या मुलीनेच घाईघाईने ओढल्या, आणि लोक रश्शाच्या पातेल्यांकडे वळले, कारण वळायला ती एकच जागा होती.

तुम्हाला वाटेल स्टेनवोरला आता बरं वाटलं असेल. मुळीच नाही. तिला सगळ्यांना हाताला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. इतकं सोपं होतं? एका पोरीच्या एका प्रश्नाइतकं? मग सत्याहत्तर साली एकाला जरी तो सुचला असता, तरी आई कपाळावर आठ्या घेऊन मेली नसती.

ती रंगाचे डबे आवरत होती तेव्हा फ्लोकी त्याच्या पणजीला घेऊन आला. दीरलेफ, बाक्कीची. शहाऐंशी वर्षांची, चाकांचा वॉकर ढकलत. ती फलकासमोर उभी राहिली.

"डोळ्यांना दिसत नाही गं. काय लिहिलंय शेवटी?"

"'तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच.'"

दीरलेफने मान हलवली. "हो. असंच म्हणाला." मग वॉकरच्या दांड्यावर बोटं आवळून म्हणाली, "पण ते शेवटचं नव्हतं."

स्टेनवोर उभी राहिली.

"मी नेहमी सगळ्यांच्या मागून ठेवायची," दीरलेफ हलक्या आवाजात म्हणाली. "ठेवल्याचा आवाज होऊ नये म्हणून. सगळ्यांनी ठेवले, आवाज एकदम स्वच्छ झाला. आणि तो म्हणाला…" ती थांबली. "तारेवर बाळ रडत होतं ना. लीदचं. त्याने ओळखलं होतं तू आहेस. उचललेला राहिलेला तो एक रिसीव्हर तुझाच असं त्याला वाटलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'स्टेना, बाळ रडतंय, उचल त्याला. आणि तू ऐकलंस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. रात्री येताना लीदला डोकावतो, माझ्यासाठी दोन पॅनकेक ठेव.' मग ठेवला त्याने."

स्टेनवोरच्या हातातला डबा खाली पडला. काळा रंग बंदराच्या दगडांवर सांडला.

"बेचाळीस वर्षं!" ती ओरडली. असं ओरडली की पातेल्यांजवळची माणसं वळली. "बेचाळीस वर्षं तू हे स्वतःजवळ ठेवलंस? मी तुझ्या शेजारी बसून कॉफी प्यायले आहे! तुझ्या नवऱ्याच्या दफनाला मी उभी होते! त्याचे शेवटचे शब्द माझ्यासाठी होते, आणि तू…"

"तुला सांगायचं म्हणजे," दीरलेफ म्हणाली, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा वेडावाकडा झाला, "मी ऐकत होते, हे सांगावं लागलं असतं."

साल्का आणि फ्लोकी चिंधीने रंग पुसत होते, तेही थांबले. बंदरावरची सगळी साठीच्या वरची माणसं याच दिशेला बघत होती, आणि कुणाला कळत नव्हतं की ही बाई आता या म्हातारीला मारते की मिठी मारते. स्टेनवोरने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

दीरलेफने पुन्हा सांगितलं, पुटपुटत.

"ऐकू येत नाही," स्टेनवोर म्हणाली. "मोठ्याने."

आणि जन्मभर ज्या बाईने रिसीव्हर आवाज न करता खाली ठेवला, तिने वॉकर घट्ट धरला, मान वर केली आणि ब्रांदुरचं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.